दुर्गाआत्याने बंगला स्वतःहून सोडला नव्हता

दुर्गाआत्या गेली हे मला तलासरीला एस.टी.च्या कंडक्टरने सांगितले. डहाणूच्या मसोलीतल्या तिच्या शेजाऱ्यांनी सकाळच्या पहिल्या गाडीबरोबर निरोप पाठवला होता. शाळेच्या फाटकाशी गाडी थांबवून तो खाली उतरला, टोपी काढून हातात धरली आणि म्हणाला, “मास्तर, तुमची आत्या... आज पहाटे.” गाडीतली माणसे खिडकीतून बघत होती, कुणीही उशीर झाला म्हणून कुरकुरले नाही. त्याच गाडीत पुढच्या फेरीला बसून मी डहाणूला गेलो. या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. घरच्या माणसावर वर्तमानपत्रात लिहू नये असे मला वाटे, आणि मी लिहिणारही नव्हतो. पण गेल्या पंधरवड्यात डहाणूच्या किनाऱ्यावरच्या एका आरोग्यभुवनाचे वार्षिक पत्रक हाती पडले. त्यात काळ्या चौकटीत आत्याचा फोटो होता, आणि खाली छापले होते की संस्थेच्या या माजी व्यवस्थापिका प्रकृतीच्या कारणास्तव स्वेच्छेने निवृत्त झाल्या होत्या, आणि त्यांच्या अतिथिसेवेचा आदर्श संस्थेपुढे कायम राहील. हे खोटे आहे. आत्या धडधाकट होती, तिला काढून टाकले, आणि काढले ते अतिथिसेवेबद्दलच. मेलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही, म्हणून मी बोलतो आहे.

त्या संस्थेचे नाव मी लिहीत नाही. छापले तर येत्या मे महिन्यात त्यांच्याकडे आणखी चार कुटुंबे उतरतील, दुसरे काही होणार नाही. आम्ही सगळे त्याला नुसते ‘बंगला’ म्हणत असू. दुसरी मोठी लढाई संपल्यावर मुंबईचे डॉक्टर डहाणूचे नाव औषधासारखे लिहून देऊ लागले. टायफॉईडमधून उठलेला मुलगा, दम्याची सासू, नवे जोडपे, सगळ्यांना एकच उपाय, हवापालट. स्टेशनवर उतरायचे, टांगा करायचा, चिकूच्या वाड्या ओलांडल्या की सुरूची झाडे आणि त्यापलीकडे दर्या. माझे वडील स्टेशनवर पार्सल ऑफिसात कारकून होते. येताना आणि जाताना ही मंडळी पार्सलच्या काट्यावर उभी राहून आपले वजन करून घेत, त्यामुळे कोण किती पौंडांनी वाढला याची बातमी आमच्या घरी जेवताना कळे. “ते दादरचे वकील तीन पौंड घेऊन गेले,” वडील आमटी ओरपत म्हणत, “डहाणूतून.” आम्ही हसत असू. आता हसू येत नाही. वकिलांच्या अंगावर चढलेल्या त्या तीन पौंडांसाठी कोंबड्या रानशेतहून आल्या होत्या, आणि आंघोळीच्या पाण्याखाली जळलेली लाकडे गंजाडच्या बायांनी डोक्यावरून आठ-नऊ मैल वाहून आणली होती. लाकडाची मोळी मागच्या दाराशी टाकायची आणि तिथूनच परत फिरायचे. बंगल्याच्या पुढच्या अंगाला समुद्र होता.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिचे यजमान रेल्वेत गार्ड होते. ते अकाली गेल्यावर बंगल्याच्या विश्वस्तांनी तिला व्यवस्थापक म्हणून ठेवले, आणि तिने ती नोकरी अकरा वर्षे केली. सहा खोल्या, एक मोठे भोजनगृह, स्वयंपाकी, गडी आणि किल्ल्यांचा जुडगा. तिला पाहुणे कळत. कोण उकडलेली अंडी चोरून खातो, कोण बायकोला पत्ते खेळू देत नाही, कुणाची सून नुसती झोपायला आलेली आहे, हे तिला दुसऱ्या दिवशी ठाऊक असे. त्या झोपायला आलेल्या सुनांची ती फार काळजी घेई. दाराबाहेर उभी राहून सासूला सांगे, “डॉक्टरांनी झोप सांगितलीय ना? मग चहासाठी उठवायचं नाही.” कुठल्याही डॉक्टरने तसे काही सांगितलेले नसे.

पाहुण्यांना आठ दिवसांत समुद्राचाही कंटाळा येई. मग रविवारी बैलगाडी करून ते गंजाडला जात, ‘तिथले लोक बघायला’. हे शब्द त्यांचे. घरात डोकावायचे, चूल बघायची, म्हातारीला सूप हातात घेऊन उन्हात उभी करायची, फोटो काढायचा, पोरांच्या हातावर गोळ्या ठेवायच्या आणि चहाच्या वेळेला परत. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो, आठवड्यातून तीनदा सायकलने गंजाडला जाऊन संध्याकाळी मोठ्या माणसांचा साक्षरतेचा वर्ग घेत असे. शेतकरी माणसे, पावसाळ्यात भात आणि नाचणी, उरलेले वर्ष वाड्यांमधली मजुरी. वडिलांच्या ट्रंकेतली चळवळीची पत्रके वाचत मी वाढलो होतो आणि मला वाटे की या लोकांना काय हवे ते मला माहीत आहे. एकदा वाचनपाठात ‘सहल’ हा शब्द आला. रूपी नावाची चाळिशीची बाई वर्गात सगळ्यांत पुढे बसे. तिने विचारले, “सहल म्हंजे काय, मास्तर?”

“जायचं, बसायचं, बघायचं, खायचं, परत यायचं.”

“आनि काम?”

“काम काही नाही.”

“मंग मुकादम कोन?”

वर्ग हसला. मी हसलो नाही. मी म्हणालो, ते मुंबईहून तुम्हाला बघायला येतात, तर तुम्ही दर्या बघायला का जाऊ नये? लाडक्या म्हणून म्हातारा होता, त्याच्या शब्दाला गावात मान होता. तो म्हणाला की दर्या त्याने पाहिला आहे, गवताचे गाडे घेऊन गेला होता तेव्हा, बाजूने. बसून नाही पाहिला. ते ऐकून मी तिथल्या तिथे ठरवले. भाताची झोडणी उरकल्यावर एका शनिवारी एकोणीस जणांनी डहाणूला जायचे, बंगल्याच्या व्हरांड्यात बसायचे, तिथेच जेवायचे आणि दिवसभर दर्या बघायचा. आत्याला मी टांगेवाल्याबरोबर चिठ्ठी पाठवली. गंजाडची एकोणीस माणसे शनिवारी सकाळी येतील, त्यांची जेवणाची सोय कर, मी मागून येतो. एवढेच लिहिले होते. ते पाहुणे आहेत हे लिहिले नव्हते. मला ते इतके उघड वाटले की लिहायची गरजच वाटली नाही.

महाराष्ट्र राज्य झाले त्याच्या आदल्या हिवाळ्यातली ही गोष्ट. हंगाम सुरू होण्यापूर्वी दरवर्षी बंगल्याची बाग साफ करायला मुकादम मजूर धाडी, आणि तेही गंजाड-रानशेतकडचेच असत. त्या शनिवारी सकाळी एकोणीस माणसे फाटकाशी येऊन उभी राहिली. अंधारात उठून चालत आलेली, धुतलेली लुगडी, केसांना तेल, दोघीतिघींच्या अंबाड्यात फुले. आत्याने त्यांना पाहिले, चिठ्ठी आठवली आणि गड्याला सांगितले, “ह्यांना खुरपी दे. कुंपणापासून सुरुवात करा म्हणावं.” त्या माणसांनी एकमेकांकडे पाहिले असेल... मला ठाऊक नाही. त्यांनी खुरपी घेतली. रूपीने मला पुढे सांगितले की त्यांना यात वावगे काहीच वाटले नाही. दर्या बघायचा तर आधी काहीतरी करावे लागणारच, मास्तर सांगायला विसरला असेल. वेठ कायद्याने बंद होऊन बारा-तेरा वर्षे झाली होती. शहरी माणसाने हाक मारायची, अवजार पुढे करायचे आणि समोरच्याने काही न विचारता वाकायचे, ही ती वेठ. कायदा सरकारी कचेरीत पोचला होता. मी लिहायला-वाचायला शिकवत होतो त्या हातांपर्यंत तो पोचला नव्हता, आणि खरे सांगायचे तर माझ्या आत्याच्या हातापर्यंतही.

आणि मी कुठे होतो? त्या दिवशी दर्याकाठी करायच्या भाषणाचे टिपण करत घरी बसलो होतो. विश्रांती हा कष्टकऱ्यांचा हक्क, असा त्याचा विषय होता.

मी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. बाग लखलखीत झाली होती. कुंपणाकडेला गवताचे ढीग, बायांच्या पाठी घामाने भिजलेल्या, अंबाड्यातली फुले कोमेजून लोंबत होती. समुद्र त्यांच्या पाठीमागे, मेंदीच्या कुंपणापलीकडे, हाकेच्या अंतरावर गाजत होता आणि सकाळपासून एकानेही मान वळवून पाहिले नव्हते. लाडक्या कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि मला म्हणाला, “झालां मास्तर. सगळां साफ केलां. आता जावां का दर्यावर?”

मी आत्याला काय काय बोललो ते लिहायची लाज वाटते. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि मी तिला मुंबईकरांची चाकर म्हणालो, त्याहून वाईटही म्हणालो. दम लागून मी थांबल्यावर तिने विचारले, “पाहुणे होते?”

“हो.”

“मग चिठ्ठीत का लिहिलं नाहीस?”

तिने एकदा बागेकडे पाहिले. मग म्हणाली, “माझी चूक मी बघते. तुझी तू नंतर बघ. आता ओरडू नकोस, विहिरीवर जा आणि हातपाय धुवायला पाणी काढ सगळ्यांना.”

मी पाणी काढत असताना तिने भोजनगृहाचे दोन्ही दरवाजे उघडले, टेबलांवर पाहुण्यांच्या चादरी घातल्या आणि पाहुण्यांचीच चिनी मातीची ताटे मांडली. स्वयंपाक मजुरांपुरता, म्हणजे भाकरी आणि कालवण एवढाच झाला होता. तिने स्वयंपाक्याला परत चूल पेटवायला लावली, भात टाकला, मासे तळले, गूळ-खोबऱ्याच्या करंज्या डब्यातून काढल्या. त्या वेळी बंगल्यात एकच कुटुंब उतरलेले होते, मुंबईचे कुणी निवृत्त साहेब, त्यांची बायको आणि मेहुणी. साहेब जेवायला आले, दारात थबकले.

“बाई, हे काय आहे?”

“पंगत आहे. बसा, तुमचंही वाढते.”

“यांच्याबरोबर? आम्ही इथे हवा घ्यायला आलोय.”

“हवा तुमच्या खोलीत भरपूर आहे,” आत्या म्हणाली. “जेवणही तिथंच पाठवते.”

साहेब गेले. पण खरी अडचण पुढे होती. एकोणीसांतले कुणी खुर्चीवर बसेना. बाया भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, पुरुष व्हरांड्याच्या पायऱ्यांवर. लाडक्या म्हणाला, “बाय, आमाला हितंच पानावर दे.” आत्याने कुणाला आग्रह केला नाही, भाषण केले नाही. तिने रूपीच्या दंडाला धरून तिला खुर्चीत बसवले, स्वतः तिच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, “मी सकाळी तुम्हाला खुरपी दिली. मला कळलं नाही. आता तुम्ही बसला नाहीत तर मी हे अन्न कुणाला वाढू?” रूपीने तिच्याकडे पाहिले, मग सगळ्यांकडे पाहिले आणि म्हणाली, “बसा रे. बाय रडंल नायतर.” तशी सगळी बसली. आत्या रडत नव्हती, पण रूपीने ते बरोबर ओळखले होते. ती वाढत होती आणि माझ्याकडे एकदाही बघत नव्हती. जेवणे झाल्यावर ती माणसे वाळूत जाऊन बसली. ओहोटी होती. मी भाषणाचा कागद खिशातून काढला नाही.

साहेबांनी मुंबईला पत्र टाकले. दोन आठवड्यांत तीन विश्वस्त आले, तिच्या हातचा चहा प्याले आणि तिच्यापुढे एक कागद ठेवला. मजुरांना भोजनगृहात बसवल्याबद्दल दिलगिरी, असे त्यात लिहिले होते. खाली सही केली असती तर नोकरी राहिली असती. मी तिथे हजर होतो. खादी घातलेले, देशासाठी तुरुंगात जाऊन आलेले गृहस्थही त्या तिघांत होते. त्यांनी तिला समजावले, “बाई, एका सहीचा प्रश्न आहे.” आत्या म्हणाली, “मजुरांना बसवलं असं मी लिहून देणार नाही. मजुरी करून घेतली हीच माझी चूक होती, त्याची दिलगिरी हवी तर लिहून देते. जेवायला बसले ते पाहुणे होते.” त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि किल्ल्या मागितल्या. अकरा वर्षांनंतर तिला सामान आवरायला संध्याकाळपर्यंतचा वेळ दिला. प्रकृतीच्या कारणास्तव, म्हणे. प्रकृती बिघडली होती ती कुणाची, हे वाचकांनी ठरवावे.

मसोलीला एका गुजराती भाईच्या चाळीत तिने खोली घेतली आणि शिवणाचे मशीन लावले. वडिलांनी घरी बोलावले, ती आली नाही. म्हणाली, “माझ्याकडे पाहुणे येणार आहेत.” आणि खरेच येत. दर हिवाळ्यात झोडणी उरकली की गंजाडची चार-सहा माणसे शनिवारी उतरायची, समुद्रावर जाऊन यायची आणि तिच्याकडे जेवायची. पहिल्या वर्षी रूपी आत आली ती सरळ अंगण झाडायलाच लागली. आत्याने हातातून केरसुणी काढून घेतली. दुसऱ्या वर्षी लाडक्या बसल्या बसल्या तिचे गळके कौल बघत होता, त्याने हळूच विचारले, “चढूं का?” ती म्हणाली, “उतरा. अजून चढला नाहीत तरी उतरा.” मला ही सगळी गंमत वाटे. मी तेव्हा हक्कांवर लेख लिहीत होतो आणि आत्या एका माणसाला एक दुपार स्वस्थ बसायला शिकवत होती, आणि तिचे काम माझ्याहून कठीण होते, कारण तिला स्वतःलाही स्वस्थ बसता येत नसे. आयुष्यभर तिने इतरांच्या सुट्ट्या सांभाळल्या. ती स्वतः कधी कुठे चार दिवस राहायला गेल्याचे मला आठवत नाही.

गेल्या वर्षी तिच्या छातीत दुखू लागले. डॉक्टरांनी तपासले आणि सांगितले, “औषध देतो, पण खरं म्हणजे हवापालट करा.” तिने त्यांना विचारले, “डॉक्टर, मुंबईचे लोक हवापालटाला इथं येतात. इथल्यांनी कुठं जायचं?” मी तिला न सांगता बंगल्याच्या विश्वस्तांना पत्र लिहिले. समुद्राकडची एक खोली, महिनाभर, लागेल ते भाडे भरून. अकरा वर्षांची नोकरी विसरू नका असेही लिहिले. मला तेवढे वाकावे लागले. उत्तर आले की खोल्या सभासदांसाठी राखून ठेवलेल्या असतात, तरी क्षमस्व. पावसाळ्याआधीचे दिवस होते. मी नंतर जाऊन पाहिले, सहापैकी चार खोल्यांना कुलूप होते. याच लोकांनी आता तिचा फोटो काळ्या चौकटीत छापला आहे.

ही बातमी गंजाडला कुणी सांगितली कोण जाणे. पुढच्या आठवड्यात लाडक्या बैलगाडी घेऊन मसोलीत हजर झाला. गाडीत पेंढा, पेंढ्यावर घोंगडी. “बाय, चल,” तो म्हणाला, “आमचेकडची हवा घे.” ती बारा दिवस राहिली. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली लबाडी होती. तिला एका भांड्याला हात लावू दिला नव्हता. सकाळी पेज, दुपारी झाडाखाली बाज, संध्याकाळी बाया येऊन बसत आणि तिच्याकडून मुंबईच्या सुनांच्या गोष्टी ऐकत. “चौथ्या दिवसापर्यंत मला फार वाईट वाटलं,” ती मला म्हणाली, “पाचव्या दिवशी मी हाक मारून पाणी मागितलं.” हवेने आजार बरा झाला नाही, तो होणाराही नव्हता. पण तिची सुट्टी झाली. तिच्या सगळ्या आयुष्यातली एकच.

दिवसकार्य झाल्यावर आठवडाभराने मी खोली रिकामी करायला मसोलीला गेलो. चाळवाल्या भाईने नवा भाडेकरू ठरवला होता, सकाळीच येऊन सांगून गेला होता, “मास्तर, चार वागे चावी आपजो.” मशीन दोरीने बांधले, भांडी पोत्यात भरली. दुपारी दारात सावली पडली. रूपी, लाडक्या आणि आणखी दोघी. मला वाटले रडारड होईल, मी दोन वाक्ये मनात जुळवली. रूपीने खोलीभर नजर फिरवली आणि विचारले, “जेवाया काय हाय?” मी पोते सोडून पातेले काढले, शेजारून तांदूळ आणले आणि मला जमेल तशी खिचडी केली, खाली लागली. त्यांनी खाल्ली. “बायच्या हाताची सर नाय,” लाडक्या म्हणाला. “मीठ तरी बघायचां होतां.” कुणी उठून मदतीला आले नाही. मी ताटे उचलून मोरीवर ठेवली आणि वळून पाहतो तो रूपी आत्याच्या खाटेवर आडवी झाली होती, पदर तोंडावर घेऊन. दोघी जमिनीवर पसरल्या होत्या, लाडक्या भिंतीला टेकून घोरत होता. बाहेर वारा होता. खिडकी मीच उघडली.

चार वाजले. भाई दारात येऊन खाकरला आणि त्याने चावीसाठी हात पुढे केला. मी त्याला बाहेर अंगणात घेऊन गेलो.

“खोली आज नाही मिळणार, भाई,” मी हळू आवाजात म्हणालो. “आत पाहुणे झोपलेत.”